तीस गोळ्यांचा महिना

सकाळी फोन उचलण्याआधी
मी फॅक्सचा ट्रे रिकामा करते.
औषधाच्या दुकानाने रात्रभर धाडलेले कागद,
खिडकीशी गार पडलेले.
बाहेर नदी गोठलेली. अलीकडे मेन, पलीकडे कॅनडा,
आणि दोन्ही काठांवर सारख्याच आडनावांची माणसं.

फोन सुरू होतात.
दुकान म्हणतं, दवाखान्याला विचारा.
दवाखाना म्हणतो, म्हणजे मीच म्हणते,
दुकानाला सांगा, विनंती पाठवू दे.
मधल्यामध्ये माणूस,
एका हातात रिसीव्हर, दुसऱ्या हातात डबी.
हलवून बघतात सगळे, आपण हलवतोय हे न कळता.
मिसेस वेलेटच्या डबीत काल
तीन वाजत होत्या.

"अठ्ठेचाळीस तास लागतील."
बावीस वर्षं म्हणतेय हे वाक्य.
आता त्याला माझा आवाजसुद्धा लागत नाही.
डॉक्टर हॅथॉर्न मंगळवारी दुसऱ्या गावात असतात,
त्यांची सही त्यांच्याबरोबर जाते.
कुणी फोन आपटतं.
कुणी नाताळात मेपलची साखर आणून देतं,
तेही बहुतेक फोन आपटणारंच.

लवकर मागणारे लपत नाहीत.
संगणक त्यांच्या नावापुढे लाल अक्षरं उभी करतो.
उशिरा मागणाऱ्यांसाठी
त्याच्याकडे रंग नाही.

डेगल, ओनेझिम. वय एकोणऐंशी. रक्तदाबाची, रोज एक.
त्यांचा महिना तीस गोळ्यांचा.
सप्टेंबरात तो अडतीस दिवस पुरला.
म्हटलं, बटाट्यांची काढणी, विसरले असतील.
पुढचा बेचाळीस.
शेवटची डबी नेली चार डिसेंबरला.
आज जानेवारीची एकोणीस,
आणि ट्रेमध्ये त्यांचा कागद नाही.

हे माझं काम नव्हे.
माझं काम आलेल्या कागदाचं.
तरी मी फोन लावला.

पैसे कमी पडतायत का? नाही.
चक्कर येते का गोळीने? नाही.
मग?
बराच वेळ नुसता चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज.
मग ते आमच्या खोऱ्यातल्या फ्रेंचमध्ये बोलले.
वाईट बातमी सांगताना इथे सगळे फ्रेंचवर येतात.

"क्लोदेत, उन्हाळ्यात तू म्हणालीस ना,
शेवटची गोळी घशाखाली गेल्यावर फोन करता,
सगळी रांग अडते तुमच्यापायी.
तेव्हापासून एक दिवस घेतो, एक दिवस सोडतो.
म्हणजे तुला कमी वेळा त्रास."

मला आठवेना.
म्हणाले असेन.
त्या दिवशी त्यांच्याआधी चाळीस जण झाले असतील,
आणि एकेचाळिसाव्याला मी तो राग दिला असेल,
सुट्टे पैसे द्यावेत तसा, न मोजता.
त्यांनी मात्र मोजून घेतला.
रोज सकाळी अर्धा महिना बाजूला ठेवून
तो फेडत राहिले.

माफी मागायला तोंड उघडलं
आणि बाहेर आलं, "वरचा आकडा किती होता शेवटचा?"
"मोजला नाही."
"डबी हलवा जरा."
त्यांनी हलवली.
सहा. नाहीतर सात.
एवढी वर्षं मी उरलेल्यांसाठी कान लावलाय.
आज पहिल्यांदा वाटलं,
या डबीतून काही वाजायला नको होतं.

गुरुवारी सव्वादहाला या, म्हटलं,
डॉक्टरांना दाखवू, नव्वद दिवसांची मागू.
रस्ता बर्फाचा आहे, पुतण्याला घेऊन या.
"अठ्ठेचाळीस तास लागतील ना?" त्यांनी विचारलं,
माझ्याच आवाजात, जवळजवळ.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर
दर महिन्याच्या पंचविशीला मी पेन्सिलने लिहिलं,
ओनेझिमना फोन, आपण करायचा.
डिसेंबरपर्यंत लिहिलं.
मग थांबले. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर अजून आलेलं नाही.

दोन नंबरची लाइन केव्हाची लुकलुकतेय.
मिसेस वेलेट असणार.
एक उरली असेल.